दोष पेशीचा कीं कुळाचा ?

गेल्या कार्तिक महिन्यांत आमची पुतणी सांगलीहून साताऱ्यास आमच्या घरीं आली, तेव्हां तिच्या हातांत एक कागद होता. चहा होण्यापूर्वींच तिनें तो आमच्यापुढें ठेविला आणि म्हणाली, "मोठे काका, यांत नेमकें काय लिहिलें आहे तें तुम्ही मला सांगा. बाबांना विचारण्याचा धीर होत नाहीं." कागद मुंबईच्या एका प्रयोगशाळेचा असून त्यांत आमच्या धाकट्या बंधूंच्या मानेंतील गांठीच्या तपासणीचा निष्कर्ष होता. इंग्रजी मजकुराचा अर्थ एवढाच, कीं तपासलेल्या पेशींपैकीं बहुसंख्य पेशींत १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळली.

हा कागद आमच्या हातीं येण्यापूर्वीं त्यांतील मजकूर दुसरीकडे फिरून आला होता. मुलीचा विवाह साताऱ्यांतीलच एका सुविद्य कुटुंबांत जवळजवळ ठरला होता. पत्रिका जुळली होती, मुलामुलीची पसंती झाली होती, केवळ याद्या व्हावयाच्या राहिल्या होत्या. तेवढ्यांत एका हितचिंतक आप्तानें ‘गुणसूत्रांत दोष निघाला’ हें वाक्य तिकडे पोंचविलें, आणि आठ दिवसांनीं निरोप आला, कीं पुढील बोलणें तूर्त थांबवावें. कारण निरोपांत नव्हतें. तें मागाहून कळलें : "त्यांच्या रक्तांतच दोष आहे. आज बापाला, उद्यां नातवंडाला."

आम्ही पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें आणि शास्त्राचें ज्ञान त्याहूनही थोडें. तथापि घरांतील मुलीनें प्रश्न विचारावा आणि वडीलधाऱ्यांनीं दैवाकडे बोट दाखवून मोकळें व्हावें, हें आमच्यानें झालें नाहीं. पुढील चार महिने आम्ही या एका वाक्याच्या मागें लागलों. त्यांत जें हातीं आलें तें येथें देत आहों. असा कागद उद्यां वाचकांपैकीं कोणाच्याही घरीं येऊं शकेल.

प्रथम आजाराविषयीं. बंधूंच्या मानेच्या डाव्या अंगास दोन गांठी आल्या. त्या दुखत नव्हत्या. आमच्या भागांत मानेंत गांठ म्हटली कीं ती क्षयाची, हा समज जुना आहे आणि पुष्कळ वेळां खराही ठरतो. गंडमाळ हा शब्द आमच्या आजीच्या तोंडीं नित्य असे. त्यांच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं सुईनें थोडा अंश काढून तपासला, त्यांत निश्चित असें कांहीं निघालें नाहीं, आणि क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. साडेचार महिने बंधूंनीं त्या निष्ठेनें घेतल्या. गांठी बसल्या नाहींत. उलट कांखेंत तिसरी आली. तेव्हां कोठें एक संबंध गांठ काढून पाहण्याचें ठरलें. हें दुसऱ्याच महिन्यांत व्हावयास हवें होतें असें आमचें मत आहे, व तें आम्ही त्या डॉक्टरांस समक्ष सांगितलेंही. गांठींत लिंफोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग निघाला. त्यांतही सावकाश वाढणारा, ज्यास ‘फॉलिक्युलर’ म्हणतात तो प्रकार. निदान पक्कें करण्यासाठीं गुणसूत्रांची तपासणी मुंबईस झाली.

सुश्रुतानें निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड हीं चार एकाच ठिकाणीं कां सांगितलीं असावींत, याचें मर्म आम्हांस या निमित्तानें कळलें. हाताला चारही वेळां गांठच लागते. नांव निराळें, गति निराळी आणि उपाय तर अगदींच निराळा. चूक होण्याची जागा हीच.

आतां गुणसूत्र. हा शब्द ज्यानें कोणी घडविला त्याचें आम्हांस कौतुक वाटतें, पण आमच्या घरचा सगळा घोटाळाही त्याच शब्दानें केला. संस्कृतांत ‘गुण’ म्हणजे दोरा, धनुष्याची दोरी. आणि ‘गुण’ म्हणजे स्वभावधर्म. सूत्र म्हणजेही दोराच. सामान्य मनुष्य गुण शब्दाचा दुसरा अर्थ घेतो, आणि ‘गुणसूत्रांत दोष’ म्हटलें कीं त्यास वाडवडिलांकडून आलेला दोष असें ऐकूं येतें. मूळ युरोपीय शब्दांत कुळाचा कांहींच संबंध नाहीं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डायर यांनीं १८८८ सालीं तो काढला. त्याचा सरळ अर्थ ‘रंगपिंड’. कापड रंगविण्यासाठीं डांबरापासून निघालेले नवे रंग शास्त्रज्ञ पेशींवर टाकून पाहत होते, आणि पेशीच्या केंद्रांतील कांहीं दोरे रंग घट्ट धरतात एवढेंच त्यांस दिसलें होतें. तात्पर्य, या शास्त्राचा आरंभ रंगाऱ्याच्या माठांत आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी मिरजेस रोगनिदानाचें काम करतो. त्यास कागदाची हकीकत कळविली, तेव्हां त्यानें "सर, वाचून समजणार नाहीं, या आणि पाहा," असें म्हणून बोलावून घेतलें. दारें-खिडक्या बंद करून त्यानें दिवा मालविला व आम्हांस सूक्ष्मदर्शकापाशीं बसविलें. काच आमच्या बंधूंची नव्हती. शिकविण्यासाठीं ठेविलेली त्याच रोगाची दुसरी होती. काळ्याभोर पार्श्वभूमीवर निळे मणी पसरावेत तसें दृश्य दिसलें. प्रत्येक मणी म्हणजे एका पेशीचें केंद्र. त्याच्या पोटांत मोहरीहूनही बारीक असे कांहीं लाल व कांहीं हिरवे ठिपके चमकत होते.

हा निळा रंग ‘डॅपी’ नांवाच्या द्रव्याचा. बँकेंत नोट जांभळ्या दिव्याखालीं धरली म्हणजे तिच्यांतील धागा कसा चकाकतो, तें वाचकांनीं पाहिलें असेल. तसाच हा प्रकार. डोळ्यांस न दिसणारा जंबूपार प्रकाश रंग गिळतो आणि दिसणारा निळा प्रकाश परत देतो. विशेष हा, कीं हें द्रव्य डीएनएच्या पिळाच्या खांचेंत जाऊन बसलें म्हणजेच तेजस्वी होतें. त्यामुळें काचेवर बाकी सारें अंधारांत राहून गुणसूत्रांचें भांडार तेवढें उजळतें. १९७१ सालीं जर्मनींत ओटो डान यांच्या प्रयोगशाळेंत आफ्रिकेंतील निद्रारोगावर औषध शोधतांना हें द्रव्य तयार झालें. औषध म्हणून त्याचें नांव झालें नाहीं, पण रंग म्हणून आज तें जगभर चालतें. लाल व हिरवे ठिपके निराळे. ते म्हणजे डीएनएचेच लहान तुकडे, चकाकणारा रंग जोडलेले. आपल्या जोडीचा मजकूर जेथें सांपडेल तेथेंच ते चिकटतात. ही युक्ति १९८० नंतरच्या दशकांत रूढ झाली.

"लाल ठिपका १८ व्या गुणसूत्रावरील एका जागेचा, हिरवा १४ व्यावरील," विद्यार्थी सांगूं लागला. "निरोगी पेशींत दोन लाल, दोन हिरवे, सुटे सुटे. आतां ही पाहा." त्या पेशींत एक लाल व एक हिरवा सुटा होता, दुसरे मात्र मोडून एकमेकांस जडले होते, आणि जडले तेथें पिवळा रंग दिसत होता. असे पिवळे ठिपके दोन. आम्ही पुष्कळ वेळ पाहत राहिलों. मग त्यानें काच किंचित् सरकविली आणि म्हणाला, "सर, आतां शेजारच्या या दोन-तीन पाहा. याच माणसाच्या, याच गांठींतल्या." त्यांत दोन लाल, दोन हिरवे, सुटे सुटे.

आमच्या पुतणीच्या प्रश्नाचें उत्तर त्या काचेवर होतें. बापाकडून वा आईकडून आलेला गुणसूत्रांचा फेर अंगांतील पेशीपेशींत असतो. लझ्यून यांनीं १९५९ सालीं डाउन नांवाच्या व्यंगांत २१ वें गुणसूत्र एक अधिक असतें असें दाखविलें. तेथें तें बहुतेक वेळां शरीराच्या सर्व पेशींत आढळतें, कारण तें जन्मापूर्वींच आलेलें असतें. येथें तसें नाहीं. एका मनुष्याच्या एका पेशींत, त्याच्या हयातींत, हा मोड झाला; तिच्या वंशांतील पेशी तो घेऊन वाढल्या; शेजारच्या पेशींस त्याचा गंधही नाहीं. वंश हा शब्द येथें लागू पडतो, पण तो पेशीच्या वंशास, घराण्याच्या नव्हे. पुढील पिढीस जीं बीजें जातात त्यांत हा मोड नसतो.

हें सारें मनुष्यास कळलें कसें, त्याची हकीकत आम्हांस निदानाइतकीच रमणीय वाटली. निरनिराळ्या रोगांवरच्या औषधांचीं नांवें तींत पुनःपुन्हां येतात, आणि आमच्या सातारा जिल्ह्याच्या शेतांतील व डोंगरांतील दोन वनस्पतींचाही तिच्याशीं संबंध आहे.

गुणसूत्रें एरवीं सुताच्या गुंत्याप्रमाणें पसरलेलीं असतात. पेशी दुभंगावयास लागली म्हणजेच तीं आंखूड व सुटीं होऊन मोजतां येतात. म्हणून दुभंगणाऱ्या पेशी हव्यात, आणि त्या नेमक्या मध्येंच थांबावयास हव्यात. थांबविण्याचें काम कोल्चिसिन करतें. तें प्रथम युरोपांतील एका केशरासारख्या फुलझाडापासून निघालें, पण आमच्या सह्याद्रीवर श्रावणांत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदांतही तें आहे. संस्कृतांत हिला लांगली व अग्निशिखा म्हणतात. कळा आणणारी म्हणून जुन्या सुइणी हिला ओळखत. कंद विषारी आहे, हें मुलांस अवश्य सांगावें. पेशी दुभंगण्यास प्रवृत्त करण्याची युक्ति तर स्वयंपाकघरांतलीच. १९६० सालीं अमेरिकेंत नोवेल यांस दिसलें, कीं राजम्याच्या अर्कानें रक्तांतील एरवीं स्वस्थ बसणाऱ्या लसीकापेशी दुभंगावयास लागतात. कोरेगांवचा वाघ्या घेवडा, ज्यास आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे, तो याच जातीचा. कच्चा घेवडा पोटास बाधतो तो मुख्यत्वें याच द्रव्यामुळें. चांगला शिजविला म्हणजे तें नाहींसें होतें. आमच्या मंडळींस हें सांगतांच उत्तर मिळालें, कीं घेवडा नीट शिजवावा हें त्यांस नोवेलसाहेबांपूर्वींच ठाऊक होतें.

मनुष्याच्या गुणसूत्रांची संख्या ४६, हें १९५५ च्या अखेरीस चियो आणि लेव्हान यांनीं स्वीडनमध्यें मोजलें. तोंपर्यंत तीस-बत्तीस वर्षें सारे विद्वान ४८ सांगत होते. पण संख्या कळली तरी ओळख पटत नव्हती. जुन्या रंगांनीं सगळीं गुणसूत्रें सारखींच रंगत. उंचीवरून कांहीं गट पाडतां येत, इतकेंच. एकत्र कुटुंबांत एका दोरीवर दहा धोतरें वाळत असावींत आणि कोणाचें कोणतें हें कळूं नये, तसा प्रकार. धोब्याची खूण हवी होती. ती दिली मेपाक्रिननें.

मेपाक्रिन म्हणजे हिंवतापावरील पिवळी गोळी. दुसऱ्या महायुद्धांत जावा बेट जपानच्या हातीं गेलें आणि सिंकोनाच्या सालीचा पुरवठा तुटला, तेव्हां लाखों सैनिकांस ही रोज खावी लागे. आमचे वडील १९४४ सालीं आसामच्या बाजूस लष्करी हिशेबखात्यांत कारकून होते. ते रजेवर आले तेव्हां त्यांचे तळहात हळदीसारखे पिवळे होते, आणि आमच्या आजीनें कावीळ समजून त्यांस पंधरा दिवस तूपतेल बंद केलें. ही गोष्ट घरांत अजून सांगतात. हेंच मेपाक्रिन जंबूपार प्रकाशांत चकाकतें. स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का संस्थेंत कास्परसन आणि लोरे झेख या विदुषीनें १९६८ ते १९७० या काळांत त्याचा एक भाऊबंद गुणसूत्रांवर वापरून पाहिला, तों प्रत्येक गुणसूत्रावर उजळ व अंधुक असे आडवे पट्टे उमटले. प्रत्येक जोडीचे पट्टे निराळे. साधें मेपाक्रिनही तेंच काम करतें असें पुढें दिसलें. तेज लवकर मावळे, म्हणून छायाचित्र झटपट काढावें लागे. पण धोतरांवर खूण पडली ती पडलीच.

लिंफोमाच्या बाबतींत तिचा उपयोग लगेच झाला. युगांडांतील मुलांच्या जबड्यांत होणाऱ्या एका अतिवेगवान लिंफोमाचें वर्णन बर्किट या शल्यवैद्यानें १९५८ सालीं केलें होतें. १९७२ सालीं मानोलोव्ह आणि मानोलोव्हा या बल्गेरियन दांपत्यानें त्या पेशींवर हा चकाकणारा रंग टाकला. १४ व्या गुणसूत्राच्या शेंवटास एक आगंतुक पट्टा दिसला. तो कोणाचा? चार वर्षांनीं लोरे झेख व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं तो ८ व्याचा. आमच्या बंधूंच्या प्रकारांतील १४ व १८ यांची अदलाबदल त्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या जॅनेट राउली यांच्या प्रयोगशाळेंतून पुढें आली. या बाई छायाचित्रांतील गुणसूत्रें कात्रीनें कापून घरच्या जेवणाच्या मेजावर जुळवीत असत. आमच्या वाचक भगिनींनीं हें लक्षांत ठेवावें.

१४ वें गुणसूत्रच वारंवार कां? कारण रोगजंतूंशीं लढणारीं प्रतिद्रव्यें घडविण्याचा कारखाना त्यावर आहे, आणि लसीकापेशी तो कारखाना चालवितांना स्वतःचाच डीएनए मुद्दाम तोडते व जोडते. हें तिचें नित्याचें काम आहे. जोडतांना क्वचित् परक्याचें टोंक हातीं येतें. १८ व्यावरील जो भाग येथें येऊन बसतो, त्यास १९८४ च्या सुमारास त्सुजिमोतो व क्रोचे यांनीं ओळखलें. तो पेशीस मरूं देत नाहीं असें १९८८ सालीं ऑस्ट्रेलियांत कळलें. सदैव चालू कारखान्याशेजारीं तो आला कीं पेशी वेळेवर मरावयाचें विसरतात आणि गांठ सावकाश वाढते. सुताराचें बोट रंध्यानें कापावें तशी ही कामावर झालेली इजा आहे. तिचा कुळाशीं संबंध किती, हें वाचकांनींच पाहावें. किंबहुना अगदीं संवेदनशील चाचणी केली तर अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तांतही असा मोड झालेल्या तुरळक पेशी सांपडतात, आणि त्यांतील बहुतेकांस रोग कधींच होत नाहीं.

सत्य लपवूं नये म्हणून हेंही सांगितलें पाहिजे, कीं लिंफोमाच्या रोग्याच्या सख्ख्या नातेवाइकांत हा रोग इतरांहून थोडा अधिक आढळतो. मूळ संभवच लहान, त्यामुळें हें अधिकही लहानच. स्तनाच्या व अंडाशयाच्या कांहीं कर्करोगांत खरोखरच आनुवंशिक बदल असतात. तो विषय निराळा, त्यांची चाचणी निराळी. आमच्या हातांतला कागद तो नव्हे.

गांठींतील पेशी शरीराबाहेर जगविल्या तरच हा अभ्यास पुढें जातो, आणि तें काम महाराष्ट्रांत ज्यांनीं उभें केलें त्यांचें नांव घेतल्याशिवाय पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल. कमलाबाई रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्राचे अध्यापक. हुजूरपागा व फर्ग्युसन येथें शिकून त्यांनीं पुण्याच्या शेतकी महाविद्यालयांत एम्. एस्सी.साठीं जो विषय घेतला तो सीताफळ-रामफळाच्या कुळांतील गुणसूत्रांचा. पुढें मुंबईस टाटा रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं कर्करोगाचें संशोधन करून १९४९ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली, आणि बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी कांचपात्रांत वाढविण्याची विद्या शिकून त्या परत आल्या. परदेशीं राहण्याची सोय असतां त्या परत आल्या, हें आम्हांस विशेष वाटतें. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली; देशांतील ती पहिली मानतात. १९६६ पासून चार वर्षें त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या, १९७३ सालीं त्यांनीं भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संस्था काढली, आणि १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. २००१ सालीं त्या वारल्या. सीताफळाच्या गुणसूत्रांवरून कर्करोगाच्या पेशीकडे गेलेल्या या बाईंचें चरित्र मुलींच्या शाळेंत शिकविलें जावें, असें आम्हांस फार वाटतें.

माघांत एका रविवारीं दुपारीं आम्ही मुलाकडे गेलों. मुलाचे वडील सौजन्यानें बोलले, पण विषयाला बगल देत होते. आम्ही बरोबर नेलेली पाटी काढली. दोन तांबड्या व दोन हिरव्या मण्यांनीं निरोगी पेशी मांडली, मग मोडलेली मांडली, मग तिच्या शेजारीं पुन्हां निरोगी. ऐंशी वर्षांच्या आजीबाई माजघराच्या दारांत बसून ऐकत होत्या. त्यांनींच पहिला प्रश्न केला.

"म्हणजे मास्तर, बिघाड तुमच्या भावाच्या गांठींत. त्यांच्या बाकीच्या अंगांतसुद्धां नाहीं?"

"नाहीं. गांठींत, आणि त्या पेशी जेथें जाऊन बसल्या असतील तेथें. बाकीच्या अंगांतील पेशींत नाहीं."

"मग पोरीच्या अंगांत कोठून येणार?" असें म्हणून त्या चिरंजिवांकडे वळल्या. "मुलीचें रक्त तपासून आणा म्हणणार होतास ना तूं?"

गृहस्थ वरमले. आम्ही म्हटलें, "तपासून कांहीं हातीं लागणार नाहीं. आणि असे दोन-चार मोडके मणी आज तुमच्या-आमच्या रक्तांतही असूं शकतील. मग कोणी कोणाची सोयरीक मोडावी?" आजीबाई हंसल्या, आणि त्यांनीं चहा टाकावयास सांगितलें. चिरंजीव मात्र आम्ही निघेपर्यंत पाटीवरील मणी बोटानें इकडे-तिकडे सरकवीत होते.

बारा दिवसांनीं निरोप आला, कीं याद्या वैशाखांत कराव्या. सांगलीस ही वार्ता घेऊन आम्ही स्वतः गेलों. बंधू व भावजय यांचे डोळे भरून आले. मुलगी शांतपणें म्हणाली, "मोठे काका, मी एकदां त्याला भेटून विचारीन, कीं तो कागद त्यानें स्वतः वाचला होता कीं नुसता ऐकला होता. त्यानंतर सांगेन." भावजयीनें तिला दटाविलें. आम्ही दटाविलें नाहीं.

त्यांची भेट अजून व्हावयाची आहे. बंधूंच्या औषधाच्या सहा फेऱ्यांपैकीं पांच झाल्या असून मानेंतील व कांखेंतील गांठी आतां हातास लागत नाहींत. हा प्रकार पुढें कधीं तरी पुन्हां डोकें वर काढूं शकतो, म्हणून वरचेवर तपासणी चालू ठेवावी लागेल, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें आहे. सहावी फेरी पाडव्यानंतरच्या आठवड्यांत आहे. त्या वेळीं सोबतीस आम्ही जाणार आहों.